एचआयव्ही: पहिली गोळी कधी, आणि उशीर झाला तर काय हातचं जातं

रिपोर्ट पॉझिटिव्ह, पण तब्येत ठणठणीत. अशा वेळी बरेच जण म्हणतात, ‘सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा) चांगला आहे ना, मग बघू सहा महिन्यांनी.’ हे काही त्यांच्या मनचं नाही, एके काळी सरकारी नियमच तसा होता. एप्रिल 2004 मध्ये भारतात मोफत एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) सुरू झाली तेव्हा सीडी-फोर 200 च्या खाली गेल्याशिवाय सहसा औषध मिळत नसे. पुढे ही मर्यादा 350 झाली, मग 500. 2017 पासून आकड्याची अटच उरली नाही: निदान झालं की औषध.

नियम बदलला तो पुराव्यामुळे. स्टार्ट या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीडी-फोर 500 च्या वर असलेले 4,685 जण होते. निम्म्यांना लगेच औषध दिलं, उरलेल्यांना सीडी-फोर 350 पर्यंत उतरेस्तोवर थांबवलं. गंभीर आजार किंवा मृत्यू थांबलेल्या गटात 96 जणांच्या वाट्याला आले, लगेच सुरू केलेल्यांत 42. हा निकाल 2015 चा.

शरीरात काय चाललेलं असतं

निरोगी माणसात सीडी-फोर पेशी दर घन मिलिमीटर रक्तात साधारण 500 ते 1500 असतात. विषाणूचा पहिला घाला मात्र रक्तावर नसतो, आतड्यावर असतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-फोर पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. अस्तर झिरपायला लागतं, जंतूंचे अंश रक्तात उतरतात आणि प्रतिकारयंत्रणा चोवीस तास पेटलेली राहते. या सततच्या दाहामुळे लसिकाग्रंथींत व्रणासारखे तंतू साचतात. नव्या पेशींनी जिथे राहायचं, ती जागाच खराब होते. म्हणूनच सीडी-फोर 600 दिसला तरी आत सगळं आलबेल आहे असं धरू नये.

औषध सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत आकडा झपाट्याने चढतो. त्यातला बराच भाग ग्रंथींत अडकलेल्या जुन्या पेशी रक्तात परतल्याचा असतो. नव्या पेशी थायमस या छातीतल्या ग्रंथीत तयार होतात आणि त्या सावकाश येतात, वर्षाला साधारण 50 ते 100. वयाबरोबर थायमस आक्रसतो, त्यामुळे पन्नाशीच्या माणसाला हे भरून काढायला जास्त वेळ लागतो. 200 च्या खाली असताना सुरुवात केलेल्या अनेकांचा आकडा, विषाणू पूर्ण दबलेला असूनही, वर्षानुवर्षं 500 गाठत नाही. उशिराचं नुकसान गोळी थांबवते, पण सगळं परत आणून देत नाही.

पहिला आठवडा

आयसीटीसीचा (सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राचा) रिपोर्ट आणि ओळखपत्र घेऊन एआरटी केंद्रात नोंदणी करा. लक्ष्य सात दिवसांत पहिली गोळी; तयारी असेल तर त्याच दिवशी. सीडी-फोर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताची तपासणी आणि हिपॅटायटिस बी यांसाठी रक्त आधी द्या, पण तब्येत स्थिर असेल तर केवळ रिपोर्टची वाट पाहत दिवस घालवू नका. मूत्रपिंडाचा त्रास आधीपासून असेल तर तेवढं मात्र डॉक्टरांना आधीच सांगा.

बहुतेक प्रौढांना टीएलडी ही एकच गोळी मिळते: टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम. रोज ठरलेल्या वेळी एक. कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीची अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली औषधं डोल्युटेग्राविरला आतड्यात बांधून ठेवतात. म्हणून टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, तिचा डोस कमी करावा लागू शकतो.

जिथे घाई नडते

गोळीआधी चार प्रश्नांची खरी उत्तरं द्या: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. टीबी निघाला तर आधी टीबीचं औषध सुरू होतं आणि एआरटी साधारण दोन आठवड्यांच्या आत. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असताना डोल्युटेग्राविरची 50 मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांच्या अंतराने लागते, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे.

पाचवा प्रश्न डोक्याचा, आणि तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं किंवा भ्रम असेल तर त्या दिवशी एआरटी सुरू करू नये. क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला बुरशीमुळे येणाऱ्या सुजेच्या) रुग्णांवर युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या चाचणीत घाईने एआरटी दिलेल्यांपैकी सहा महिन्यांत सुमारे 45 टक्के दगावले, पाच आठवडे थांबवलेल्यांपैकी 30 टक्के. म्हणून आधी बुरशीवरचे उपचार, मग चार ते सहा आठवड्यांनी एआरटी. मेंदूच्या टीबीतही थांबावं लागतं, पण किती ते डॉक्टर ठरवतात.

यामागचं कारण असं, की झोपलेली प्रतिकारशक्ती एकदम जागी होते आणि लपलेल्या जंतूंवर तुटून पडते. त्या लढाईची सूज कवटीच्या बंद जागेत जिवावर बेतते. शरीरात इतरत्र हाच प्रकार ताप किंवा गाठी सुजणं अशा रूपात दिसतो, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, आणि सीडी-फोर 100 च्या खाली असलेल्यांत जास्त. ‘गोळी बाधली’ असं समजून लोक याच टप्प्यावर औषध सोडतात. सोडू नका, केंद्रात जा.

सीडी-फोर 350 च्या खाली असेल तर सोबत इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल 960 मिलिग्रॅम रोज. 200 च्या खाली असेल तर क्रिप्टोकॉकल प्रतिजन (त्याच बुरशीची रक्तचाचणी) आणि लघवीतली टीबी चाचणी मागून घ्या.

मध्येच थांबलात तर

व्हायरल लोड (दर मिलिलिटर रक्तातली विषाणूंची संख्या) सहा महिन्यांनी, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी तपासतात. 1000 च्या वर आला तर आधी गोळ्या चुकतात का ते पाहतात, समुपदेशन होतं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आणि मगच औषध बदलायचा विचार. ‘आकडा वाढला, आता सुट्टी घेऊ’ हा प्रयोगही होऊन गेला आहे: 2006 च्या स्मार्ट चाचणीत अशी सुट्टी घेणाऱ्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही वाढले. हिपॅटायटिस बी असेल तर अचानक थांबवणं आणखी वाईट, कारण टीएलडीतली दोन औषधं तोही विषाणू दाबून ठेवतात; ती सुटली की यकृत भडकू शकतं.

काही महिने औषध सुटलंच असेल तर घरात उरलेली बाटली उघडून परस्पर सुरू करू नका. आधी सीडी-फोर नव्याने तपासा आणि वरचे पाच प्रश्न पुन्हा विचारा. केंद्र कुठे आहे ते 1097 या मोफत क्रमांकावर कळतं.