लेकरू बोललं, आता पुढं काय करायचं? पोक्सोची तक्रार, ठाण्यापासून कोर्टापर्यंत

आमच्या बीड जिल्ह्यात लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याची गोष्ट कळली की पहिला फोन पोलिसांना जात नाही, तो जातो गावातल्या चार शहाण्या माणसांना, आणि ते चौघं पारावर बसून एकच शब्द बोलतात, मिटवा. पोरीचं नाव होईल, उद्या लग्नाला अडचण येईल, समोरचा भावकीतलाच आहे, पाचपन्नास हजार घ्या आन गप बसा. मी गेली काही वर्षं अशा घरच्यांसोबत ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात जाते, तिथं जे धक्के खाल्ले त्यातून हे लिहायलेय.

पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून लेकरांचं संरक्षण करणारा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. 18 वर्षांखालचं कुणीही लेकरू त्यात येतं, पोरगी असो का पोरगा (पोराचं आपल्याकडं कुणी धरतच नाही, "त्याला काय होतंय" म्हणून उडवून लावतात, कायदा तसं म्हणत नाही). कलम 19 म्हणतं की कळलं तर कळवायलाच पाहिजे, आणि कलम 21 प्रमाणं न कळवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, संस्थेचा प्रमुख असला तर 1 वर्षापर्यंत. म्हणजे मिटवायला आलेले ते चौघं स्वतःच अडचणीत बसलेत. हे त्यांना भांडण न करता तिथंच सांगा, निम्मे तर चहा न पिता उठतात.

पहिलं काम: ऐकायचं आणि लिहायचं

लेकरू सरळ कधीच सांगत नाही. "त्या काकाच्या घरी मला नाही जायचं", पोट दुखायलंय, शाळा नको, असं कायतरी म्हणून बघतं की मोठी माणसं ऐकतात का. बोलायला लागलं की हातातली भाकर तव्यावर करपली तरी चालंल पण उठायचं नाही. विचारायचं एकच, मग काय झालं? कामून गेलतीस तिकडं, आधी का नाही सांगितलं, ओरडली का नाहीस, हे तीन प्रश्न तोंडातून निघाले की लेकरू गप होतं ते होतंच. त्याला धरून आरोपीच्या दारात न्यायचं नाही, समोरासमोर करायचं नाही.

आणि पाठ करून घ्यायचं नाही. मामा-मावशा चांगल्या मनानं लेकराला "असं असं सांग" म्हणून शिकवतात, मग उलटतपासणीत वकील नेमका तोच शिकवलेला शब्द पकडतो आणि खरं बोलणारं लेकरू खोटं ठरतं. त्यापेक्षा त्याच दिवशी वहीत त्याच्याच शब्दात लिहून ठेवा, कधी, कुठं, कोण, काय. शरीराच्या भागाला ते घरी जे नाव घेतं तेच लिहा, शुद्ध मराठी करत बसू नका.

घटना एकदोन दिवसातली असेल तर शक्यतो अंघोळ घालू नका, अंगावरचे कपडे न धुता वाळलेले असतील तसे कागदी पिशवीत नाहीतर पेपरात गुंडाळा, प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये नको, दमट होऊन पुरावा खराब होतो. अंघोळ झाली असली तरी जायचंच, आता काय उपयोग म्हणून बसू नका. मोबाईलमध्ये काही फोटो-व्हिडिओ असला तर डिलीट करू नका आणि "पुरावा म्हणून" भावकीच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, असं साहित्य पुढं पाठवणं हा स्वतः वेगळा गुन्हा आहे, तो फोन तसाच पोलिसांकडं द्या.

दुसरं: कळवायचं कुणाला

1098 ही बालकांची हेल्पलाइन, फुकट, दिवसरात्र. जीवाला धोका वाटला तर 112. नाहीतर सरळ पोलीस ठाणं. कळवणारा आईबापच पाहिजे असं काही नाही, शेजारीण, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, गुरुजी, कुणीही. चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढं गुन्हा सिद्ध नाही झाला तरी कळवणाऱ्यावर केस होत नाही, ही भीती लै लोकांना असते म्हणून मुद्दाम लिहिलं.

तिसरं: ठाण्यात

इथं सगळ्यात जास्त माणसं परत फिरतात. "अर्ज देऊन जा, चौकशी करतो" हे वाक्य ऐकलं की समजा की गुन्हा नोंद होत नाहीये. अर्ज वेगळा, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) वेगळी, एफआयआर वेगळा. आपल्याला एफआयआर पाहिजे, त्यात पोक्सोची कलमं लिहिलेली पाहिजेत, आणि त्याची एक प्रत फुकट मिळाली पाहिजे. सही करायच्या आधी वाचून दाखवा म्हणायचं, लिहिता वाचता येत असलं तरी. एकदा एका ठाण्यात आम्ही सकाळी अकराला गेलो आणि रात्री आठपर्यंत बाकड्यावर होतो, साहेब बंदोबस्ताला गेलेत, मॅडम रजेवर आहेत, आणि लेकरू आईच्या मांडीवर झोपून गेलं. खरंतर त्या लेकराला तिथं न्यायचीच गरज नव्हती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कलम 24 म्हणतं की लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकारी, फौजदाराच्या खालची नको, आणि अंगावर वर्दी नको. रात्री लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही. जबाबाच्या वेळी आई-बाप किंवा त्याचा भरवशाचा माणूस सोबत असलाच पाहिजे. म्हणजे मोठ्या माणसानं जाऊन फिर्याद द्यायची आणि मॅडमला घरी बोलवायचं, एवढं सोपं आहे ते.

नोंद घेतच नसतील तर फिर्याद लिहून पोस्टानं पोलीस अधीक्षकाला पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा. पोक्सोची तक्रार लिहून न घेणाऱ्यालाही त्याच कलम 21 मध्ये शिक्षा आहे, हे ठाणे अंमलदाराला आवाज न चढवता सांगितलं की पेन सापडतो.

आता ऊसतोडीचं. आपल्याकडची निम्मी अडचण इथं आहे. दिवाळी झाली की कोयते (ऊस तोडणारी जोडपी) निघतात, सांगली, कोल्हापूर, कुणी बेळगावकडं, आईबाप पहाटे उसाच्या फडात आणि लेकरं कोपीवर (तिथल्या झोपडीत) एकटी. काही वाईट घडलं तर मुकादम (मजुरांची टोळी नेणारा) म्हणतो उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडल्याशिवाय जायचं नाही, मग गावाकडं यायला मार्च-एप्रिल उजाडतो आणि इथलं ठाणं म्हणतं, घटना तिकडची, तिकडं जा. जायचं नाही. झिरो एफआयआर म्हणायचं. गुन्हा कुठंही घडलेला असू द्या, कर्नाटकात का असेना, कुठल्याही ठाण्यात नोंद होतो आणि मग पोलीस तो कागद तिकडच्या ठाण्याला पाठवतात, पाठवणं त्यांचं काम. 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. उशीर झाला म्हणूनही नोंद नाकारता येत नाही, फक्त उशीर का झाला ते फिर्यादीत खरंखरं लिहा, मुकादमानं सोडलं नाही असं असेल तर तसंच.

वयाचा कागद सोबत न्या, शाळेचा निर्गम उतारा किंवा जन्माचा दाखला. आपल्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस गुरुजींनी 1 जूनला करून ठेवलाय, त्यावरून कोर्टात वाद होतो, म्हणून दोन्ही कागद मिळाले तर दोन्ही न्या.

चौथं: दवाखाना

सरकारी असो का खासगी, उपचार फुकट आणि लगेच, एफआयआर नाही म्हणून थांबवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची, सोबत आई किंवा भरवशाचं माणूस. दोन बोटांची चाचणी (बोटं आत घालून बघायची) सुप्रीम कोर्टानं चुकीची ठरवलेली आहे, कुणी करायला गेलं तर नाही म्हणा. दिवस राहिले असतील तर अल्पवयीन मुलीला 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात कायद्यात बसतो, त्यापुढं मेडिकल बोर्ड आणि बऱ्याचदा हायकोर्ट, म्हणून लाजेपायी एकेक आठवडा घालवू नका.

पोलिसांनी 24 तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवायचं असतं. कळवलं का विचारा. ही समिती लेकरासाठी सपोर्ट पर्सन देऊ शकते, म्हणजे कोर्ट संपेपर्यंत सोबत राहणारा माणूस, आणि तो मागून घ्यावा लागतो, आपोआप घरी येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं वकील फुकट मिळतो (फोन 15100) आणि मनोधैर्य योजनेचा (पीडितांना सरकारी आर्थिक मदत) अर्जही तिथंच. कुटुंब दलित-आदिवासी आणि आरोपी तसा नसेल तर ॲट्रॉसिटीची कलमं लागलीत का तेही बघा, लै वेळा राहून जातात.

पाचवं: कोर्ट

कायदा म्हणतो लेकराची साक्ष कोर्टानं दखल घेतल्यापासून 30 दिवसात आणि खटला शक्यतो वर्षात. प्रत्यक्षात तारखा पडतात. खोटं कशाला सांगू, याच काळात घरचे फितूर होतात, कारण समोरचा रोज दारावरून जातो. धमकी आली की प्रत्येक वेळी लेखी द्या, तोंडी सांगून काही होत नाही. साक्षीला आरोपी लेकराला दिसता कामा नये, पडदा किंवा व्हिडिओ लावतात, दार बंद करून चालतं, आणि वकिलानं घाणेरडं विचारलं तर जजसाहेब थांबवतात. साक्षीच्या आधी एकदा रिकामं कोर्ट लेकराला दाखवून आणा, सरकारी वकिलांना विनंती केली तर होतं.

गावासाठी

मोर्चा काढा, पण बॅनरवर लेकराचं नाव, फोटो, शाळा, गल्ली काही नको. आरोपी बाप किंवा चुलता असेल तर त्याचं नाव टाकलं की लेकराची ओळख झालीच, कलम 23 मध्ये तो गुन्हा आहे आणि आपलेच पोरं स्टेटस ठेवून करून बसतात.

त्यापेक्षा कागदावर काम करा. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, ग्रामसेवकाला विचारा शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त दाखवा म्हणा. शाळेत सखी सावित्री समिती (लेकरांच्या सुरक्षिततेसाठीची) आहे का, तक्रारपेटी कोण उघडतं आणि किल्ली कुणाकडं असते (एका शाळेत ती ज्या सरांबद्दल चिठ्ठ्या होत्या त्यांच्याच खिशात निघाली). बालविवाह ठरला असला तर गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी द्या, लग्नाआधी. आणि हंगामी वसतिगृहाचा ठराव कोयते निघायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीत झाला पाहिजे, लेकरं आजीजवळ किंवा वसतिगृहात राहिली तर कोपीवर एकटी राहत नाहीत. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय वरती घ्या, शेवटी ठेवला तर तोवर सगळे उठून गेलेले असतात.