ट्रकचं इंजिन स्वतः खोलायचं का? पहिला बोल्ट सैल करण्याआधी ठरवा

इंजिन खोलणं अवघड नाही. योग्य मापाचे पाने आणि दोन दिवस हाताशी असले की सवयीचा माणूस हेड (सिलिंडरांवरचं जड झाकण) उतरवून ठेवतो. अवघड असतं ते मोजणं. लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर आहे, क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) किती झिजलं, बेअरिंगमध्ये किती फट उरली, यातलं काहीच नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आणि दुरुस्ती टिकणार की महिन्याभरात पुन्हा खोलावी लागणार, ते या मापांवरच ठरतं. म्हणून ‘मला हे खोलता येईल का’ यापेक्षा ‘बरोबर बसलंय हे मला तपासता येईल का’ असं स्वतःला विचारा.

आधी दुखणं नक्की करा

रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की सगळे हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलवर) बोट ठेवतात. मीही ठेवलं होतं. हेड उतरवलं, गॅस्केट धडधाकट निघालं आणि दोष सापडला एअर कॉम्प्रेसरमध्ये. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये बहुतेक कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पाण्यावर थंड होतो. त्याचं गॅस्केट फुटलं की दाबाखालची हवा थेट पाण्यात शिरते आणि लक्षण अगदी तसंच दिसतं.

हे तपासायला काहीच खोलावं लागत नाही. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा (गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उसळतं). एअर टाक्या रिकाम्या करून इंजिन चालू करा आणि बुडबुड्यांकडे बघत राहा. टाक्या भरल्या की कॉम्प्रेसर हवा भरणं थांबवतो. त्या क्षणी बुडबुडे कमी झाले, आणि पॅडल मारून दाब उतरवल्यावर पुन्हा वाढले, तर आधी कॉम्प्रेसर बघा. दाब काहीही असला तरी बुडबुडे तसेच येत राहिले, तर हेडवरचा संशय बळावतो.

ऑइल दुधाळ झालं तर हेडइतकाच ऑइल कूलरही संशयित असतो. पाणी कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, पण ऑइल स्वच्छ आहे, अशा वेळी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग) असल्यास तोही तपासायला हवा. जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघा. चुंबकाला चिकटतो तो लोखंडाचा कीस. तांब्याच्या रंगाचे, चुंबकाला न चिकटणारे कण दिसले तर ते बहुधा बेअरिंगचे असतात. मग काम फक्त वरच्या भागापुरतं राहत नाही.

काम कुठपर्यंत जाईल?

हेड गॅस्केट, इंजेक्टरचे सील, ऑइल कूलर ही कामं अनुभवी माणूस मॅन्युअल समोर ठेवून करू शकतो. ओल्या लायनरच्या (लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) इंजिनात पिस्टन आणि लायनरही इंजिन चॅसिसवर ठेवूनच बदलता येतात: वरून हेड, खालून ऑइल संप (ऑइलचं भांडं) काढायचा. पण बेअरिंग फिरलं असेल, क्रँकवर चरे पडले असतील, तर इंजिन उतरवून लेथवर न्यावंच लागतं. माझ्या मते ज्याने याआधी एकही इंजिन बांधलेलं नाही, त्याने तिथेच थांबावं.

कॉमन रेलच्या (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाखाली इंधन देणाऱ्या) इंजिनात इंधनाचा दाब 2000 बारच्या आसपास जाऊ शकतो. गळती शोधायला तिथे हात लावू नका. बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात कापावा लागण्याइतकी इजा होते. शिवाय अनेक इंजिनांत नव्या इंजेक्टरचा कोड कंट्रोल युनिटमध्ये भरावा लागतो. ते सॉफ्टवेअर कुणाकडे आहे, हे आधीच विचारून ठेवा.

वजनाचाही विचार करा. 13 लिटरचं डिझेल इंजिन साधारण एक टन किंवा त्याहून जड असतं, आणि सहा सिलिंडरचं अखंड हेड दोन माणसांनी उचलण्यासारखं नसतं. घडीच्या क्रेनवर ‘2 टन’ लिहिलेलं असलं तरी ते बूम (क्रेनचा हात) पूर्ण आत असतानाचं. बूम पूर्ण लांबवली की अशा क्रेनची ताकद 500 किलोपर्यंत उतरू शकते. केबिन उलटवल्यावर लॉक बसल्याशिवाय तिच्याखाली डोकं घालू नका.

मोजायची तालीम

बेअरिंगची फट मोजायला प्लास्टिगेज नावाचा मऊ, बारीक धागा मिळतो. जर्नल आणि बेअरिंगवरचं ऑइल पुसून त्याचा तुकडा जर्नलवर ठेवायचा, कॅप बसवायची, सांगितलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) बोल्ट आवळायचे आणि क्रँक अजिबात हलवायचा नाही. कॅप काढली की चपटा झालेला धागा दिसतो. पाकिटावरच्या पट्टीशी त्याची रुंदी जुळवली की फट कळते. आकडा केसाच्या जाडीएवढा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. हे दोनदा करा. दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं आणि मॅन्युअलच्या मर्यादेत बसलं, तर पुढे जा.

हेडचे बोल्टही अनेक इंजिनांत नुसत्या टॉर्कवर आवळत नाहीत. ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि शेवटी अंशांत फिरवून आवळतात. काही एकदाच वापरायचे असतात. तुमच्याच इंजिनाचं मॅन्युअल हाती नसेल तर काम सुरू करू नका.

हिशेब मांडा

गॅरेजचा खर्च एकीकडे लिहा. दुसरीकडे सुटे भाग, लेथचं काम, विकत किंवा भाड्याने घ्यायची हत्यारं आणि गाडी उभी राहिल्याने बुडणारी कमाई. पहिल्यांदा करत असाल तर अंदाजाच्या दुप्पट दिवस धरा. गाडीवर घर चालत असेल तर बहुतेकदा हाच आकडा निर्णय फिरवतो. गॅरेजची वॉरंटीही मोजा, कारण स्वतः बांधलेलं इंजिन बिघडलं तर दुसऱ्यांदा भागही तुम्हीच घ्यायचे.

पहिल्यांदाच करणाऱ्याला मी मधली वाट सुचवेन. उतरवणं, धुणं, भागांना खुणा करणं स्वतः करा. हेड आणि ब्लॉकची तपासणी लेथवाल्याकडे द्या. जोडणीच्या दिवशी जाणता मेकॅनिक शेजारी उभा करा आणि त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या.

शेवटी एक कागद घ्या. डावीकडे कामाची प्रत्येक पायरी लिहा, अगदी पहिल्या स्टार्टआधी इंधन बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर फिरवण्यापर्यंत. उजवीकडे ती पायरी कोण तपासणार आणि कशाने, ते लिहा. जिथे उजवी बाजू कोरी राहील, ते काम दुसऱ्याला द्या. अर्ध्याहून जास्त ओळी कोऱ्या राहिल्या तर पाना खाली ठेवा आणि गाडी गॅरेजला ओढून न्या.