स्वाधारचे पैसे मंजूर, पण खात्यात आले नाहीत

स्वाधार या राज्य सरकारच्या योजनेत (वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी) मुंबईत शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. मंजुरीनंतरही रक्कम आली नाही, तर आधी आधार-जोडणी तपासा. केवायसीला आधार दिलं म्हणजे खातं अनुदानासाठी जोडलं गेलं, असं नाही. डीबीटी, म्हणजे थेट खात्यात येणारं सरकारी अनुदान, एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत शेवटी जोडलेल्या बँकेकडेच जाते; बऱ्याचदा ते गावाकडचं बंद पडलेलं खातं निघतं.

यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय, ते पाहा. बँक चुकीची असेल तर वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरा, पोच घ्या, स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह' दिसेपर्यंत तपासत राहा. पासबुकाची झेरॉक्स पुन्हा पुन्हा देऊन काही होत नाही. आणि खोलीचं डिपॉझिट, सुरुवातीची मेस या पैशांवर बेतू नका. मुंबईतला घरमालक हप्त्याची वाट पाहत नाही.