बॅरल बदललं आणि राउंड अडकू लागले? पिस्तुलासाठी रीलोडिंग करताना या चुका टाळा

मूळ बॅरलमध्ये रीलोड केलेले, म्हणजे रिकामी काडतुसं पुन्हा भरून बनवलेले, शेकडो राउंड बिनतक्रार चालतात. त्याच पिस्तुलात आफ्टरमार्केट, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, बॅरल बसवलं की त्याच डब्यातले राउंड चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला राउंड बसायच्या जागेत) अर्धवट शिरून थांबतात, स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण बंद होत नाही, आणि खापर नव्या बॅरलवर फुटतं. बहुतेक वेळा ते बॅरल निर्दोष असतं. लष्कर-पोलिसांच्या सेवेसाठी बनवलेल्या पिस्तुलाचं चेंबर मुद्दाम जरा सैल कापतात, म्हणजे धूळ, काजळी आणि वेगवेगळ्या कारखान्यांचा माल सगळं खपून जातं. नेमबाजीसाठी बनवलेलं बॅरल घट्ट चेंबरचं आणि अनेकदा आखूड गळ्याचं असतं. सैल चेंबर ज्या चुका पोटात घालतं, त्या घट्ट चेंबर चव्हाट्यावर आणतं.

पुढे राउंड म्हणजे पूर्ण काडतूस, केस म्हणजे पितळी कवच आणि बुलेट म्हणजे फक्त पुढचा उडणारा भाग. आटे म्हणजे बॅरलच्या आतले, बुलेटला फिरवणारे वळसेदार चर, आणि गळा म्हणजे चेंबर संपल्यावर आटे सुरू होईपर्यंतची जागा. काडतुसं भरायला कायद्याने परवानगी आहे का आणि कोणता परवाना लागतो, हे प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) विकत घेण्याआधीच पाहावं.

छापील लांबी डोळे मिटून घेणं

सगळ्यात जास्त राउंड इथेच वाया जातात. ९×१९ मिमीच्या राउंडची कमाल लांबी २९.६९ मिमी, .४० स्मिथ अँड वेसनची २८.८३ मिमी आणि .४५ एसीपीची ३२.३९ मिमी. हे आकडे वरची मर्यादा सांगतात. तुमची बुलेट तुमच्या गळ्यात कुठवर जाईल, ते यातून कळत नाही. गोल नाकाची बुलेट लवकर निमुळती होते, म्हणून ती लांब ठेवली तरी चालते. चपट्या नाकाची किंवा पोकळ टोकाची बुलेट मात्र पूर्ण जाडी बरीच पुढेपर्यंत नेते. तीच लांबी ठेवली तर तिचा खांदा थेट आट्यांना टेकतो. सीझेड या कंपनीच्या पिस्तुलांचा गळा आखूड असतो हे रीलोड करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे, आणि बऱ्याच आफ्टरमार्केट बॅरलांचं तसंच असतं.

म्हणून लांबी ठरवायची ती आपल्या बॅरलमध्ये. पिस्तूल रिकामं करून बॅरल बाहेर काढा. साइझ केलेल्या (दाबून पुन्हा मापात आणलेल्या) केसमध्ये, प्राइमर (ठोक्याने पेटणारी तळाची टोपी) आणि पावडर न घालता, बुलेट मुद्दाम लांब बसवा. बुलेट शिरावी म्हणून केसच्या तोंडाला दिलेला फुगवटा क्रिंपने (तोंड आवळून) काढून टाका, नाहीतर तोच अडेल आणि माप चुकेल. आता हा डमी राउंड चेंबरमध्ये सोडा. अडला तर बुलेट ०.१ मिमी आत ढकला आणि पुन्हा सोडा. राउंड ‘टप्’ असा आवाज करत बसला, बोटाने गोल फिरवता आला आणि बॅरल उलटं केल्यावर स्वतःच्या वजनाने बाहेर पडला की ती त्या बुलेटची त्या बॅरलमधली शेवटची लांबी. त्यातून साधारण ०.४ मिमी वजा करा, कारण एकाच खोक्यातल्या बुलेटांची नाकंही एकसारखी नसतात. मग तो मॅगझीनमध्ये मावतो का ते पाहा.

दोन बॅरल आळीपाळीने वापरत असाल तर आखूड गळ्याचं बॅरल जी लांबी मागेल, तीच दोन्हींसाठी ठेवा.

मात्र लांबी कमी केली की पावडरचा हिशेब जुना राहत नाही. ९ मिमीच्या केसमध्ये जागा मुळातच थोडी असते. बुलेट अर्धा मिमी जरी आत गेली, तरी ज्वलनाची जागा लक्षात येण्याइतकी घटते आणि दाब चढतो. पावडर किती घालायची ते सांगणाऱ्या तक्त्यातल्या लांबीपेक्षा आखूड राउंड भरायचा असेल तर त्याच बुलेटच्या सुरुवातीच्या चार्जपासून (पावडरच्या मापापासून) पुन्हा वर यायचं. ‘आधीचा चार्ज चालत होता की’ हे कारण इथे चालत नाही.

कुठे अडतंय ते न पाहता डाय फिरवणं

राउंड अडला की लोक हाताला येईल तो डाय (प्रेसमधला केसला किंवा राउंडला आकार देणारा साचा) अर्धा फेरा खाली करतात. त्याऐवजी राउंडला मार्करची शाई फासा, चेंबरमध्ये हलक्या हाताने दाबून फिरवा, काढा आणि शाई कुठे घासली ते बघा.

बुलेटच्या गोलाईवर आडवे ओरखडे असतील तर बुलेट आट्यांना टेकते आहे, तेव्हा ती आणखी आत बसवा. केसच्या तोंडाच्या कडेवर शाई गेली असेल तर फुगवटा पुरता निघालेला नाही, म्हणजे क्रिंप वाढवा. तोंडाखाली, जिथे बुलेटचा तळ संपतो तिथे एकाच बाजूला घासलं असेल तर बुलेट तिरकी बसली आहे. अशा वेळी क्रिंप वाढवून काहीही सुधारत नाही. तोंड थोडं जास्त उघडा आणि सीटिंग स्टेम (बुलेट आत दाबणारा दांडा) त्या बुलेटच्या नाकाला जुळतो का ते तपासा. तळाजवळ, कडेच्या जरा वर घासलं असेल तर साइझिंग अपुरं आहे.

केस गेजमध्ये (राउंडचं माप तपासायच्या साच्यात) राउंड बसतो पण बॅरलमध्ये बसत नाही, हे कोडं बऱ्याच जणांना पडतं. गेज केसची जाडी आणि लांबी तपासतो. बहुतेक गेजना आटे नसतात, त्यामुळे बुलेट आट्यांना टेकते का ते त्यात कळतच नाही. गेज सोयीचा आहे, पण अंतिम निकाल बॅरलचाच.

क्रिंपने बुलेट घट्ट धरायला जाणं

हे राउंड चेंबरमध्ये केसच्या तोंडावर टेकून थांबतात, म्हणून तोंड आत वळवणारा रोल क्रिंप इथे चालत नाही, टेपर क्रिंप लागतो. त्याचं कामही एवढंच: बुलेट बसवण्यासाठी उघडलेलं तोंड पुन्हा सरळ करणं. ९ मिमीमध्ये तोंडाचं माप साधारण ९.६ मिमी यावं, ९.६५ च्या वर जाऊ नये. कॅलिपरच्या जबड्याची पातळ कड अगदी तोंडाच्या काठावर ठेवून मोजा. जरा खाली सरकलात की वेगळाच आकडा मिळतो.

बुलेट धरून ठेवते ती साइझिंगमधून आलेली केसची पकड. क्रिंप जास्त आवळला तर शिसं दबतं आणि पितळ थोडं मागे उसळतं, म्हणजे पकड उलट सैल होते. प्लेटेड बुलेटचा पातळ तांब्याचा थर तर कापलाच जातो, आणि मग कागदावर गोल भोकांऐवजी आडव्या चिरा दिसू लागतात. शंका असेल तर एक राउंड बुलेट पुलरने उघडा. बुलेटवर पुसट रेघ चालेल, नखाला लागेल अशी खाच नको.

पकड पुरेशी आहे का हे पाहायला राउंड मोजा, नाकाने टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा आणि पुन्हा मोजा. ०.१ मिमीहून जास्त आखूड झाला तर पकड कमी आहे. एक्स्पांडर (केसचं तोंड उघडणारा भाग) जाड आहे, केस पातळ भिंतीची आहे किंवा बुलेट बारीक आहे, यातलं काहीतरी. असा राउंड फीड रॅम्पवर (राउंडला चेंबरमध्ये चढवणाऱ्या उतारावर) आपटला की बुलेट आत सरकते आणि दाब उसळतो. त्याच कारणाने एकच राउंड पुन्हा पुन्हा चेंबर करणं टाळावं.

फुगलेल्या तळाच्या केसा आणि भेसळ

काही पिस्तुलांच्या मूळ चेंबरला फीड रॅम्पच्या बाजूला केसच्या तळाशी पुरता आधार नसतो. जुन्या .४० कॅलिबरच्या ग्लॉकमधल्या केसांचा खालचा फुगवटा त्यामुळेच कुप्रसिद्ध झाला. असा फुगवटा सैल चेंबरमध्ये परत जातो, पूर्ण आधाराच्या बॅरलमध्ये नाही. कार्बाइड साइझिंग डायच्या तोंडाशी गोलाई असते, म्हणून तो अगदी तळापर्यंत पोहोचत नाही. डाय शेलहोल्डरला (केसचा तळ धरणाऱ्या भागाला) जेमतेम टेकेल इतका खाली घ्या. जोराने दाबलात तर कार्बाइडची कडी तडकू शकते. .४० आणि .४५ च्या केसा आरपार ढकलून सरळ करणारे डाय मिळतात. ९ मिमीची केस वरून खाली रुंदावत जाते, म्हणून ही युक्ती तिच्यावर चालत नाही. तळाशी ठळक चंद्रकोरीसारखी खूण उमटली असेल तर केस भंगारात टाका. तिथलं पितळ आधीच ताणलेलं असतं.

निवडताना .३८० एसीपीच्या केसा ९ मिमीत मिसळतात. त्या जेमतेम १७.३ मिमी लांब असतात. आतून पायरी असलेल्या ९ मिमी केसाही बाजूला काढा. त्यांच्यात पावडरची जागा कमी असते आणि पायरीपाशी केस फाटू शकते.

बॅरल न पाहता शिशाच्या बुलेट वापरणं

पाचव्या पिढीआधीच्या ग्लॉकच्या मूळ बॅरलमध्ये कोरीव आट्यांऐवजी बहुकोनी आटे आहेत, आणि उघड्या शिशाच्या बुलेट त्यात वापरू नयेत असं कंपनीच सांगते. शिसं साचत जातं, वाट अरुंद होते, दाब वाढतो. अनेकजण आफ्टरमार्केट बॅरल घेतात ते याचसाठी, की त्यात पारंपरिक आटे असतात. तिथेही बुलेट आट्यांच्या खोल व्यासापेक्षा साधारण ०.०२५ मिमी जाड हवी. बारीक असली तर गरम वायू बाजूने निसटतो आणि शिसं वितळवून बॅरलला लिंपतो. जाड बुलेट म्हणजे तोंडही जाड, त्यामुळे घट्ट चेंबरमध्ये डमीची चाचणी पुन्हा करावी लागते.

पावडर आणि प्राइमर

जलद जळणारी पावडर केसमध्ये इतकी कमी लागते की दोनदा पडली तरी मावते. म्हणून सुरुवातीला अशी फुगीर पावडर निवडा जी दुसऱ्यांदा पडली तर उतू जाईल. बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये उजेडात डोकवा. पावडर पडलीच नाही तर एकटा प्राइमर बुलेट बॅरलमध्ये ढकलून तिथेच सोडतो. आवाज बारीक आला, झटका जाणवला नाही की थांबा. स्लाइड ओढून पुढचा राउंड झाडला तर बॅरल फुटू शकतं.

प्राइमर केसच्या पृष्ठभागाखाली ०.०८ ते ०.१३ मिमी हवा. पहिल्या ठोक्याला फुटला नाही आणि दुसऱ्याला फुटला तर तो बहुधा वर राहिला होता. पहिल्या ठोक्याने त्याला जागेवर बसवलं. .४५ च्या केसा मोठ्या आणि छोट्या, दोन्ही प्राइमरच्या मिळतात, त्या वेगळ्या केल्याशिवाय प्रेसवर चढवू नका.

जाता जाता: ग्लॉकमधून निघालेल्या केसच्या प्राइमरवरची चौकोनी घसरट खूण पाहून जास्त दाबाची भीती बाळगू नका. ती स्लाइडमधल्या चौकोनी भोकाची असते. उलट, प्राइमर गोल आणि छान दिसतो म्हणून चार्ज वाढवायला जागा आहे, असंही नाही. पिस्तुलात प्राइमरवर जास्त दाबाची खूण दिसेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असू शकते.

अडकलेला राउंड काढताना

मॅगझीन काढा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. स्लाइड अर्धवट पुढे अडली असेल तर मागून ठोकून बंद करू नका. ती बंद झाली तर बुलेट आट्यांत रुतते, आणि मग राउंड काढताना बुलेट आत राहून पावडर पिस्तुलात सांडते. एका हाताने स्लाइड मागच्या खाचांवर घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पिस्तुलाच्या मुठीचा वरचा मागचा भाग पुढे हाणा. इजेक्शन पोर्ट (स्लाइडमधली, केस बाहेर पडायची खिडकी) हाताने झाकू नका. दोन-तीन प्रयत्नांत सुटलं नाही तर पिस्तूल तसंच शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. जिवंत राउंडवर पुढून सळई कधीही ठोकायची नाही.