टेकडीवरचे दोन चौकोन: सजीव आणि निर्जीव घटक जागेवर कसे नोंदवायचे

परिसंस्थेचा तक्ता म्हटला की 'जैविक' खाली झाडं-किडे-पक्षी आणि 'अजैविक' खाली ऊन-पाणी-माती, असं घरबसल्या पाच मिनिटांत लिहून होतं. त्यातून कळत काहीच नाही. त्यापेक्षा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एकेक चौरस मीटरचे दोन चौकोन आखा. एक गिरिपुष्पाच्या झाडाखाली, दुसरा तिथून पंधरा-वीस पावलांवर उघड्या गवतात. उतार आणि त्याची दिशा दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर फरक झाडाने पडला की उताराने, हे सांगता येत नाही. काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा. उन्हाळ्याच्या तोंडावर गिरिपुष्प पानं गाळून गुलाबी फुलतं, तेव्हा त्याच्याखाली सावलीच उरत नाही.

चार खुंट्या आणि सुतळीने चौकोन आखला की कर्ण मोजा. दोन्ही कर्ण 141 सेंमी भरले तरच तो चौरस, नाहीतर शंकरपाळा.

क्रम महत्त्वाचा. आधी पळणारे जीव, मग तापमान, मग झाडोरा, आणि माती सगळ्यात शेवटी. आधी खुरपं चालवलं तर नाकतोडे केव्हाच पसार होतात. चौकोनाबाहेर दहा मिनिटं स्वस्थ बसून दिसेल ते लिहा. दगड उलटायचा तर काठीने त्याची पलीकडची कड उचलून आपल्याकडे कलता करा, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असला तर मध्ये दगड राहतो. बघून झालं की दगड होता तसा ठेवा.

हवेचं तापमान जमिनीपासून सव्वा मीटरवर, थर्मामीटरवर छत्रीची सावली धरून घ्या. ऊन थेट पडलं तर तो हवेचं नाही, स्वतःचंच तापमान दाखवतो. मग थर्मामीटरची सळई मातीत 5 सेंमी खुपसा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. दोन्ही चौकोनांतली मोजणी अर्ध्या तासाच्या आत उरका. सकाळी सातचा आकडा दुपारी दोनच्या आकड्याशेजारी मांडण्यात अर्थ नाही.

झाडोऱ्यासाठी दर 10 सेंमीवर आडवी-उभी सुतळी ताणली की शंभर घरं होतात. ज्या घराचा निम्म्याहून जास्त भाग हिरवा, ते एक टक्का. नाव येत नसेल तर क्रमांक द्या, फोटो काढा, अंदाजाने नाव ठोकू नका. तुरा नसताना गवत ओळखणं जाणकारालाही जड जातं. कुसळीसुद्धा तिची काळपट, पीळदार कुसळं आली की मगच खात्रीने सांगता येते.

आता माती. टेकडीवर ती बेसॉल्टच्या मुरमावर पसरलेली पातळ साय आहे. बारीक सळई पाच जागी ठोकून खोली बघा. चार सेंमीवर खडक लागला तर तेच लिहा, तिथलं निम्मं कोडं त्या आकड्यात सुटतं. वनखात्याच्या हद्दीतून माती किंवा पाचोळा न्यायचा तर आधी परवानगी घ्या. खडे काढून 100 ग्रॅम माती डबीत घट्ट बंद करा, घरी ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. 88 ग्रॅम उरली तर 12 भागिले 88, म्हणजे ओलावा 13.6 टक्के. भागाकार कोरड्या वजनाने करायचा, इथे हमखास चूक होते. पीएचसाठी, म्हणजे माती किती आम्लधर्मी ते बघायला, 20 ग्रॅम वाळलेली माती 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवा, वरच्या निवळीत पीएचची पट्टी बुडवा. नळाचं पाणी वापरलंत तर त्यातल्या क्षारांनी आकडा बदलतो.

पाचोळ्यातले बारीक जीव नुसत्या डोळ्यांना सापडत नाहीत. दोन लिटरची बाटली कापून तिच्या वरच्या भागाचं नरसाळं करा, 2 मिमी जाळी बसवा, वर मूठभर पाचोळा आणि खाली ओला कागद घातलेली वाटी. 15 सेंमी उंचीवर तारेचा जुना बल्ब लावा. एलईडी इथे कुचकामी, कारण हवी असते उष्णता. पाचोळा वरून वाळत जातो तसे जीव ओलीकडे सरकत एक-दोन दिवसांत वाटीत पडतात. बल्ब फार जवळ आणला तर उतरायच्या आतच वाळून मरतात. भिंगाखाली मोजून सोडून द्या.

तक्ता भरताना अडतं ते पाचोळा, शेण, पीस आणि वठलेल्या फांदीपाशी. यांना तिसरा रकाना द्या, 'एकेकाळी जिवंत'. 'माती' हा शब्द तर अजैविकमध्ये अख्खा टाकूच नका: खनिज कण, पाणी, हवा एकीकडे, बुरशी आणि जिवाणू दुसरीकडे, कुजलेलं तिसऱ्यात. मग कोण कोणावर परिणाम करतो त्याचे बाण काढा. गिरिपुष्पाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात: सजीवाकडून निर्जीवाकडे. पातळ मातीत ओल टिकत नाही, म्हणून गवत लवकर पिवळं पडतं: हा उलटा. ज्या आकड्याला एकही बाण जोडता येत नाही, तो पावसाने आठवडाभर उघडीप दिल्यावर पुन्हा मोजा.