हायब्रिड गाडीत ‘डॉल्बी’ बसवताय? या चुका टाळा

कोल्हापुरात मोठ्या आवाजाला एकच नाव आहे, डॉल्बी. पेटी कुठल्या कंपनीची, अँप (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) कुठला, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. छातीत धडधडलं की डॉल्बी. मी हायब्रिड गाडी घेतली तेव्हा शेजारच्या पोरानं पेढा तोंडात असतानाच विचारलं, “काका, डॉल्बी कधी बसवायचा?” ॲव्हरेज किती देते हा प्रश्न नंतर आला.

बसवला. बसवताना दोन चुका मी स्वतः केल्या आणि तिसरी फिटरचा हात धरून थांबवली. माझं पोट शिरोलीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगवर चालतं, तरी ही गत. म्हणून हे लिहून काढतोय. खालचं सगळं स्ट्राँग हायब्रिड गाड्यांबद्दल आहे, म्हणजे ज्या काही अंतर नुसत्या मोटरवर पळतात: हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा यांची ती मॉडेलं, इनोव्हा हायक्रॉस, सिटी हायब्रिड वगैरे. माइल्ड हायब्रिडमध्ये मोठ्या व्होल्टेजची बॅटरी नसते, तिथे बरेचसे नियम साध्या गाडीचेच.

डिकीत मशीन चालवू देणे

ही चूक पहिली, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातात, हिच्यात माणूस जाऊ शकतो.

फिटरनं डिकी उघडली, मागच्या सीटच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “अँप हितं बसतोय बघा दादा. चार स्क्रू, काम फिनिश.” सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मशीनला लावून तयार होता. साध्या गाडीत हे रोज चालतं आणि काही बिघडत नाही. पण बऱ्याच हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी नेमकी तिथेच असते, मागच्या सीटच्या पाठीमागे किंवा डिकीच्या फरशीखाली. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची आणि हायब्रिड सिटीची ३०६ लिटरची, ती याच बॅटरीपायी. काही मॉडेलांत ती पुढच्या सीटच्या आसपास असते, आणि मग ‘सीटखाली चपटा बूफर’ (जाड आवाजाचा स्पीकर) ही सोयही तितकीशी निर्धोक राहत नाही.

या बॅटऱ्यांचं व्होल्टेज साधारण १७० ते २०० च्या घरात असतं, आणि ते डीसी. घरातला एसी करंट दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, डीसी येत नाही. त्यामुळे एकदा आर्क (ठिणगीचा जाळ) पेटला की तो सहजासहजी विझत नाही. पॅनेलवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. गाडीतल्या नारिंगी केबली म्हणजे हा करंट. त्यांना हात लावायचा नाही, त्यांना केबल टाय बांधायचा नाही, आणि फरशीत भोक पाडायचं तर त्या खालून कुठून गेल्यात हे कळल्याशिवाय मुळीच नाही. पिवळे कपलर (वायरी जोडणारे प्लग) एअरबॅगचे असतात, तेही सोडून द्यायचे. माझा सरळ नियम असा आहे: हायब्रिडच्या पत्र्याला नवीन भोक नाही. मी १२ एमएमचा प्लाय कापला, त्यावर कार्पेट चढवलं आणि तो डिकीत आधीपासून असलेल्या बोल्टवर बसवला. अँप त्या प्लायवर.

याच जागेची दुसरी भानगड म्हणजे हवा. मोठी बॅटरी थंड ठेवायला पंखा असतो आणि तो बऱ्याच मॉडेलांत केबिनमधलीच हवा ओढतो. त्याची जाळी मागच्या सीटच्या बुडाशी किंवा बाजूला असते. दिसायला ती इतकी साधी की तिच्यासमोर बूफरची पेटी किंवा कार्पेटची घडी सहज येते. एप्रिल-मेच्या उन्हात मागून पंख्याची घरघर वाढली, मोटरवर गाडी कमी चालायला लागली किंवा हायब्रिड सिस्टीमचा इशारा आला, तर शोरूमला फोन करण्याआधी ही जाळी बघा.

“एवढी मोठी बॅटरी आहे, मग काय कमी?”

हे वाक्य मी दुकानात ऐकलं आणि मान डोलावली. ही माझी चूक.

मोठी बॅटरी चाकांसाठी. अँपला करंट मिळतो तो १२ व्होल्टच्या वेगळ्या, छोट्या बॅटरीतून. साध्या गाडीत १२ व्होल्टच्या बॅटरीला इंजिन फिरवावं लागतं. इथे ते काम मोठी बॅटरी आणि मोटर करतात. छोट्या बॅटरीनं फक्त गाडीचे कॉम्प्युटर जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले (करंट जोडणारे स्विच) ओढायचे. शिवाय अल्टरनेटर नाहीच. मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट तयार करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर छोटीला चार्ज करतो, आणि तोही मीटरवर ‘रेडी’ दिसत असेल, म्हणजे हायब्रिड सिस्टीम चालू असेल तेव्हाच. नुसता ॲक्सेसरी मोड लावून गाणी ऐकत बसलात तर तुम्ही छोट्या बॅटरीला पीत बसला आहात. दुकानात दारं उघडी, डेक (गाडीचा म्युझिक प्लेयर) चालू, चार तास फिटिंग आणि वर अर्धा तास डेमो, यातच ती निम्मी होते. फिटिंगवेळी तिची निगेटिव्ह सोडून ठेवायला सांगा, आणि डेमो रेडीमध्येच घ्या, तेही उघड्यावर.

माझं झालं ते असं. अँपला ‘चालू हो’ सांगणारी रिमोटची बारीक वायर फिटरनं जवळ सापडलेल्या कायम सप्लायला जोडली. काम पटकन झालं आणि आवाजही आला. पंधरा दिवसांनी मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो, पाचव्या दिवशी परत आलो, तर स्टेशनाबाहेर लावलेली गाडी दारसुद्धा उघडेना. हिशेब सोपा आहे. अँप जागा राहून अर्धा अँपिअर जरी खात असला तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. छोटी बॅटरी ४० अँपिअर-तासांची धरली तर चौथ्या दिवशी खेळ खल्लास. पेट्रोल फुल, मोठी बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली, आणि मी किल्लीतली लोखंडी किल्ली काढून दार उघडतोय.

रिमोटची वायर गाडी बंद केल्यावर मरणाऱ्या सप्लायलाच हवी. स्पीकरचा सिग्नल ओळखून आपोआप चालू होणारे अँप असतात, पण काही गाड्यांत डेक बंद दिसला तरी थोडा वेळ जागा असतो, मग अँपही झोपत नाही. खात्री करायची तर गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास सोडा आणि छोट्या बॅटरीच्या निगेटिव्हवर क्लॅम्प मीटरनं डीसी करंट बघा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर निवांत झोपा.

बॅटरी उतरलीच तर जंप (दुसऱ्या बॅटरीवरून करंट) कुठे द्यायचा हे मॅन्युअलमध्ये बघा. काही मॉडेलांत छोटी बॅटरी मागे असते आणि जंपसाठी बॉनेटखाली वेगळं टर्मिनल दिलेलं असतं. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं लागलं तर कन्व्हर्टर जाण्याची भीती असते. आणि मित्राच्या गाडीला आपल्या हायब्रिडवरून जंप देण्याचा मोठेपणा करू नका.

आता वॅट. पेटीवर छापलेले ‘३००० वॅट’ विसरा, आरएमएस, म्हणजे सतत टिकणारे खरे वॅट, विचारा. ५०० वॅट आरएमएसचा क्लास-डी अँप पूर्ण जोरात असताना १३.८ व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. गाण्यात सरासरी त्याच्या बरीच खाली राहते, पण ठोक्याला तेवढा लागतो. त्याच कन्व्हर्टरवर स्टिअरिंग, हेडलाइट, पंखे आणि ब्रेकची इलेक्ट्रॉनिक्स जगतात. साध्या गाडीत लोक मोठा अल्टरनेटर टाकतात, इथे ती वाट बंद. माझ्या मते हायब्रिडला ३०० ते ५०० वॅट आरएमएस पुष्कळ झाले. त्याच्यावर हौस असेल तर मिरवणुकीतला ट्रॅक्टर बरा.

दार सोडून डिकीपासून सुरुवात करणे

ही माझी दुसरी चूक, आणि हिचंच जास्त वाईट वाटतं. आधी बूफर घेतला. हायब्रिड सिग्नलला थांबली की इंजिन बंद होतं, गाडी गप्प. मग त्या शांततेत काय काय ऐकू यायला लागतं! दाराच्या पॅडची खडखड, लॉकच्या रॉडची टकटक, नंबरप्लेटचं थरथरणं. डिझेल गाडीत हे सगळं इंजिनाखाली झाकून जायचं.

पैसे मोजकेच असतील तर पुढच्या दोन दारांवर घाला. ब्यूटिल डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी), चांगले साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (जाड आणि बारीक आवाजाचे वेगवेगळे) आणि घट्ट बसणारी रिंग. बूफर पुढच्या दिवाळीला.

दाराचं काम करताना बुडातली पाणी जायची भोकं डॅम्पिंगनं बुजवू देऊ नका. काचेवरून उतरणारं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांला इशारा देते आणि ४३ फुटांला धोका. दारात साठलेलं पाणी मात्र कुणी मोजत नाही. जुलैत गगनबावड्याला एक फेरी मारून या, वळणावर दारात डबक डबक ऐकू आलं तर भोकं बुजली आहेत. पॅडमागचा प्लास्टिकचा पडदाही फाडून फेकायचा नसतो. आणि काही गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा हवेच्या दाबाचा सेन्सर दाराच्या पोकळीत असतो, तेव्हा दाराला नवी खिडकी कापायची नाही.

स्पीकर घेण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं, मॅग्नेटची खोली. काच पूर्ण खाली केली की ती मॅग्नेटला टेकता कामा नये. दुसरं, जुन्या स्पीकरचे ओहम. कंपनीच्या अँपवर चालणाऱ्या काही सिस्टीममध्ये २ ओहमचे स्पीकर असतात. तिथे बाजारातले ४ ओहमचे लावले की त्याच अँपची ताकद निम्म्यावर येते, आणि माणूस म्हणतो, “महाग घेतले, पण आवाज बारीक झाला.”

स्क्रीन काढून टाकणे

कंपनीचा डेक काढून मोठी अँड्रॉइड स्क्रीन टाकायचा मोह होतो. हायब्रिडमध्ये मी तरी नको म्हणेन. एनर्जी फ्लोचं चित्र, कॅमेरे, स्टिअरिंगची बटणं, गाडीच्या काही सेटिंग, बरंच काही त्या डेकशी बोलत असतं. डेक ठेवा आणि त्याच्या स्पीकर वायरींवरून सिग्नल घेणारा डीएसपी (आवाज सुधारणारा प्रोसेसर) लावा. वायरी कापून टेप गुंडाळण्यापेक्षा कपलर-टू-कपलर हार्नेस घ्या, थोडा महाग पडतो पण परत काढता येतो. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी टोयोटा आणि मारुती ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात. कापलेली वायर बघून सर्व्हिस सेंटरमध्ये सुरू होणारी चर्चा आपल्याला नको असते.

एक बारकावा. बऱ्याच कंपन्यांचे डेक आवाज वाढवला की बेस आपणहून कापतात, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. नवा बूफर मोठ्या आवाजाला अचानक थंड पडतो तो यामुळे. फिटर अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवून देईल. त्यानं दुखणं जात नाही. डीएसपीतूनच ते दुरुस्त करावं लागतं.

केबलचं थोडक्यात: ४ गेज म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटर तांबं. स्वस्त केबलीत वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं, टोक ब्लेडनं खरवडलं की पांढरं दिसतं. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. अँपजवळ लावलेला फ्यूज अँप वाचवतो, गाडी नाही.

आवाज येतोय, पण गाण्याचा नाही

गाणं बंद, गाडी रेडीत उभी आणि स्पीकरमधून ‘स्स्स’ येतंय? गेन जास्त आहे. साध्या गाडीत हे ऐकूच येत नाही, इथे सिग्नलला कानाशी बसतं. डेकचा आवाज पाऊण ठेवा, टेस्ट टोन (एकाच सुराचा आवाज) लावा, स्पीकरच्या वायरी सोडून अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. ४ ओहमला ५० वॅट हवे असतील तर सुमारे १४ व्होल्टला थांबा.

ॲक्सिलरेटर दाबला की सूं वाढतो आणि उतारावर ब्रेक लावला की सूर बदलतो? मग इन्व्हर्टर (बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसी करणारा) किंवा कन्व्हर्टरचा गोंगाट आत शिरतोय. पन्हाळ्याहून उतरताना हा प्रकार स्वच्छ कळतो. आधी आरसीए केबली (अँपला सिग्नल नेणाऱ्या) अँपपासून काढा. गोंगाट थांबला तर तो सिग्नलच्या वाटेनं येतोय: आरसीए पॉवर केबलच्या विरुद्ध बाजूनं न्या, नारिंगी केबलीला समांतर तर नकोच, ओलांडायचीच झाली तर काटकोनात. थांबला नाही तर अर्थिंग बघा, बोल्टखालचा रंग खरवडलाय का, टर्मिनल हलतंय का. फिल्टर विकत घेणं सगळ्यात शेवटी.

शेवटची तक्रार मला फोनवर नेहमी येते. “रंकाळ्यावर गाडी लावून गाणी ऐकत होतो, मध्येच इंजिन आपोआप चालू झालं, फिटिंगमध्ये गडबड झाली का?” नाही. रेडीत एसी आणि अँप मिळून मोठी बॅटरी खाली उतरली की इंजिन ती भरायला उठतं, भरली की परत झोपतं. पण म्हणूनच बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात रेडी ठेवून गाणी ऐकत, डुलकी घेत बसू नका. इंजिन सांगून सुरू होत नाही, आणि त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.