'त' दोनदा उमटायचा

दीड वर्ष वापरलेल्या मेकॅनिकल कीबोर्डवर (यात प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो) 'त' दोनदा उमटू लागला. मी इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत टाइप करते, 'तर'चं 'ततर' व्हायचं; जीव मेटाकुटीला आला. ब्रशने धूळ झटकली, दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. सुदैवाने कीबोर्ड हॉट-स्वॅप होता, म्हणजे स्विच नुसता ओढून बदलता येणारा. केबल काढून चिमट्याने स्विच सरळ वर ओढला. नव्याची एक तांब्याची पिन बसवताना वाकली, ती नखाने हळूच सरळ केली. सोल्डरिंग करावंच लागलं नाही.

त्यामुळे घेताना आधी हॉट-स्वॅप बघा, दिव्यांचे रंग नंतर. टायपिंग आणि गेमिंग दोन्हीला मला ४५ ग्रॅमच्या दाबाने चालणारे लिनियर, म्हणजे मधे न अडखळता सरळ खाली जाणारे स्विच आवडतात. कीकॅप, म्हणजे कळीवरची टोपी, मात्र डबल-शॉटच घ्या: अक्षर वेगळ्या प्लास्टिकचं असतं, त्यामुळे पुसलं जात नाही.